अदृश्य निषाद

वाल्मीकीची कथा आपल्या घराघरांतून परिचित आहे. तमसेच्या तीरावर स्नानासाठीं निघालेल्या त्या ऋषीच्या डोळ्यांदेखत एका निषादानें क्रौंचपक्ष्यांच्या जोडप्यांतील नराला बाण मारला, मादीनें आक्रोश केला, आणि ऋषीच्या अंतःकरणांतील शोक श्लोकरूपानें बाहेर पडला. आपल्या परंपरेनें आदिकाव्याचा उगम एका पक्ष्याच्या मरणांत पाहिला, ही गोष्ट मीं वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितली. तींतील एका बारकाव्याचा मात्र अलीकडे मनाशीं फार विचार येतो. वाल्मीकीला शाप देतां आला, कारण शाप द्यावयाला निषाद समोर उभा होता. धनुष्य त्याच्या हातांत होतें. बाण कोठून आला हें विचारावें लागत नव्हतें. पक्षी मरून पडला आहे, बाणहि त्याच्या पोटांत आहे, पण सभोंवार शेंकडों कोसांत धनुर्धारी म्हणून कोणी नाहीं, असा प्रसंग आला तर कवीनें काय करावें?

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. उत्तर पॅसिफिक महासागरांत, हवाई बेटांच्या ओळीच्या वायव्य टोंकाकडे, मिडवे नांवाचें चिमुकलें प्रवाळद्वीप आहे. १९४२ सालच्या जूनमध्यें अमेरिका व जपान यांच्या आरमारांची प्रसिद्ध लढाई झाली ती याच्याच आसपास. होनोलुलूपासून तें सुमारें दोन हजार किलोमीटर दूर पडतें. आतां तेथें खरी वस्ती पक्ष्यांची. लेसन आल्बट्रॉस नांवाच्या समुद्रपक्ष्यांची जगांतील सर्वांत मोठी वसाहत येथें दरवर्षीं भरते, आणि घरटीं करणाऱ्या पक्ष्यांची संख्या लाखांनीं मोजावी लागते. पंख पसरले असतां सहा फुटांहून अधिक भरणारा हा पक्षी मोठा गृहस्थाश्रमी आहे. नरमादी बहुधा जन्मभर एकत्र राहतात. वर्षाला अंडें एकच. आणि त्या एका पिलासाठीं आईबाप आळीपाळीनें शेंकडों कोस समुद्रावर जाऊन पोटांत अन्न सांठवून आणतात व तें पिलाच्या चोंचींत ओकून भरवितात. आयुष्यहि मोठें. 'विज्डम' या नांवानें जगाला माहीत झालेल्या एका मादीच्या पायांत शास्त्रज्ञांनीं १९५६ सालीं कडें अडकविलें होतें. त्या मादीनें २०२४ सालच्या अखेरीस, वयाची सत्तरी उलटल्यावर, पुन्हां अंडें घातलें! तिच्या तरुणपणीं, म्हणजे १९५० च्या सुमारास, सर्व जगांत मिळून वर्षाला अदमासें वीस लाख टन प्लॅस्टिक तयार होत असे. २०१९ सालीं हा आंकडा ४६ कोटि टनांच्या घरांत गेला. एकाच पक्षिणीच्या हयातींत समुद्र एवढा पालटला.

आतां या पालटाचा त्या पिलांशीं काय संबंध तें पाहूं. आल्बट्रॉस समुद्राच्या पृष्ठभागावरून भक्ष्य टिपतो. उडत्या माशांचीं अंडीं तरंगणाऱ्या पदार्थांना चिकटलेलीं असतात, तीं तो त्या पदार्थांसकट गिळतो. पूर्वीं तो तरंगणारा पदार्थ म्हणजे एखादी काटकी किंवा शेवाळाचा झुबका असे. आतां तें बाटलीचें झांकण असतें. शिवाय समुद्रांत बरेच दिवस राहिलेल्या प्लॅस्टिकला शेवाळामुळें अन्नासारखा वास येऊं लागतो, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसून आलें आहे. समुद्रपक्ष्यांपैकीं कित्येक जाती वासावरूनच अन्न शोधतात. तेव्हां हीं मातापितरें मूर्खपणानें किंवा निष्काळजीपणानें वागतात असें मुळींच नाहीं. लक्षावधि वर्षें ज्या विद्येवर त्यांचा वंश तरला तीच विद्या तीं इमानानें चालवितात, आणि दोन-दोन आठवडे समुद्र पालथा घालून आणलेला घांस लेंकराच्या चोंचींत घालतात. त्या घांसांत झांकणें असतात, सिगारेट पेटविण्याचे लायटर असतात, दांत घासण्याच्या ब्रशांचे दांडे असतात.

२००९ सालीं ख्रिस जॉर्डन नांवाचा अमेरिकन छायाचित्रकार मिडवेवर गेला. हा गृहस्थ पूर्वाश्रमींचा वकील. वकिली सोडून त्यानें कॅमेरा हातीं घेतला होता. त्यानें तेथें मेलेल्या पिलांचीं चित्रें घेतलीं. प्रत्येक चित्राची मांडणी सारखीच आहे. वाळूवर पिलाचें कलेवर, बरेचसें कुजून मातीस मिळालेलें, पिसें दोन्ही बाजूंस पसरलेलीं, बरगड्यांची कमान, आणि पोटाच्या जागीं रंगीबेरंगी प्लॅस्टिकचा ढीग. मांस गेलें, पिसें विरलीं, पण लाल, निळीं, पिंवळीं झांकणें दुकानांतून आजच आणल्यासारखीं तकतकीत. एकहि तुकडा मीं जागचा हलविला नाहीं कीं मांडला नाहीं, असें जॉर्डननें या चित्रांबरोबर स्पष्ट नमूद करून ठेवलें आहे. वकिली संवयीचा हा गुण म्हणावयाचा. साक्षीदारानें पुराव्यास हात लावतां कामा नये, हें तो विसरला नाहीं.

आणि येथें मला विशेष वाटतें तें असें. ही बातमी नवी नव्हती. मिडवेच्या आग्नेयेकडील एका प्रवाळबेटावर १९६६ सालीं शास्त्रज्ञांनीं याच जातीच्या शंभर मृत पिलांचीं पोटें तपासलीं होतीं, बहुतेकांत प्लॅस्टिक सांपडलें होतें, आणि १९६९ सालीं तें सर्व पक्षिशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकांत रीतसर छापूनहि आलें होतें. म्हणजे चाळीस वर्षें ही गोष्ट जगाला 'ठाऊक' होती. ज्यांनीं तें लिहिलें त्यांनीं आपलें काम चोख केलें. पण ठाऊक असणें आणि जाणवणें यांत जें अंतर आहे तें कोष्टकानें तुटत नाहीं. जॉर्डनचीं चित्रें आलीं आणि थोड्याच काळांत तीं जगभर फिरलीं, शाळांतून भिंतींवर लागलीं. पुढें त्यानें या पक्ष्यांवर एक संपूर्ण चित्रपट काढला व तो सर्वांना विनामूल्य पाहण्यास खुला केला.

आपल्या साहित्यशास्त्राच्या चष्म्यांतून हीं चित्रें पाहिलीं तर एक कोडें पडतें. विषय उघडउघड बीभत्साचा आहे. कुजलेलें शव, उघडें पोट. भरतानें बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा सांगितला आहे, आणि जुगुप्सेचा स्वभाव मान फिरविण्याचा. नाकाला पदर लावून माणूस पुढें जातो. घाणीचीं चित्रें दाखवून लोकांस जागें करूं पाहणाऱ्या पुष्कळ भित्तिपत्रकांचें असेंच होतें. तीं पाहून लोकांना घाणीची किळस येते, आणि किळस आली म्हणजे माणूस ती वस्तु दूर टाकतो. दूर टाकण्यानेंच तर हा सारा अनर्थ झाला! जॉर्डनचीं चित्रें मात्र मान फिरवूं देत नाहींत. कारण पाहणाऱ्याला क्षणांत कळतें कीं हें पोट उपाशी नाहीं, भरलेलें आहे. आणि भरविणारी आई होती. जुगुप्सेच्या जागीं शोक येतो, बीभत्साचा करुण होतो. मग नजर त्या ढिगांतील एखाद्या झांकणावर ठरते, आणि तें ओळखीचें निघतें. आपल्याच घरांतील सरबताच्या बाटलीचें झांकण तसेंच असतें. बाण कोणाच्या भात्यांतला हें अशा रीतीनें कळून चुकतें, आणि वाल्मीकीच्या तोंडचा शाप द्यावा तर तो कोणाला, असा पेंच पडतो.

सत्य पुरतें सांगावयाचें तर एवढें जोडलें पाहिजे कीं, मिडवेवरील प्रत्येक पिलूं प्लॅस्टिकनेंच मेलें असें म्हणतां येत नाहीं. पिलें तहानेनें मरतात, भुकेनें मरतात. जुन्या लष्करी इमारतींच्या रंगांतील शिशानेंहि तेथें पिलें दगावलेलीं आहेत. पोटांत प्लॅस्टिक असणें आणि प्लॅस्टिकनें मरणें या दोन गोष्टी शास्त्रज्ञ वेगळ्या ठेवतात व तें योग्यच आहे. चित्र पाहून गहिंवरलेल्या माणसानें हा भेद विसरूं नये. भेद लक्षांत ठेवूनहि ज्याला चित्रापुढें स्वस्थ उभें राहवत नाहीं, त्याचा गहिंवर टिकाऊ.

याच जॉर्डनचें दुसरें एक चित्र आहे, तें वेगळ्या जातीचें. जपानी चित्रकार होकुसाई यानें १८३१ च्या सुमारास काढलेली ती प्रचंड लाट सर्वांनीं कोठें ना कोठें पाहिलेली असते. कवेंत घ्यावयास वांकलेली फेसाळ लाट आणि मागें एवढासा फूजी पर्वत. जॉर्डननें ही लाट २००९ सालीं प्लॅस्टिकच्या तुकड्यांनीं पुन्हां रचली. लांबून पाहावें तों होकुसाई. जवळ जावें तों कंगवे, झांकणें, खेळण्यांचे हातपाय. त्यांत २४ लाख तुकडे आहेत, आणि हा आंकडा त्यानें उगाच घेतलेला नाहीं. जगाच्या समुद्रांत दर तासाला जितके पौंड प्लॅस्टिक जातें असा त्या वेळीं अदमास होता, तितके हे तुकडे. संख्या डोळ्यांनीं दाखविण्याची ही युक्ति गणिताच्या शिक्षकास मोहांत पाडील अशी आहे. तथापि माझें मत विचाराल तर यांत विस्मय पुष्कळ आणि व्यथा थोडी. मनुष्य "वाहवा, काय बुद्धि!" म्हणतो आणि पुढच्या दालनांत जातो.

कलाकृति मोडक्या प्लॅस्टिकचीच करावी ही कल्पना आतां बरीच रूढ झाली आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बँडन गांवांत अँजेला हेझल्टाइन पोझी या चित्रकला-शिक्षिकेनें २०१० सालीं 'वॉश्ड अशोर' नांवाची संस्था काढली. गांवकरी किनाऱ्यावरचा कचरा गोळा करतात, धुतात, रंगांप्रमाणें निवडतात आणि त्यांतून पुरुषभर उंचीचे मासे, कासवें, पक्षी घडवितात. २०१६ सालीं राजधानी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयांत हीं शिल्पें मांडलीं होतीं. शिल्पें देखणीं आहेत, आणि हाच त्यांचा दोष असें कोणी म्हणेल. परंतु मला वाटतें, येथें खरी कलाकृति तो मासा नव्हे. कचरा धुवायला आणि निवडायला बसलेलीं माणसें हीच. ज्यानें दिवसभर बसून निळीं झांकणें वेगळीं काढलीं, त्याला तीं पुन्हां बाजारांत निरागस दिसावयाचीं नाहींत.

मात्र ज्या उद्योगाची हकीकत वाचून मला सर्वाधिक आनंद झाला तो आपल्याच समुद्राच्या पैलतीरावरचा आहे. केनिया देशाच्या किनाऱ्यालगत लामू नांवाचें बेट आहे. तेथील जुनें शहर २००१ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. अरुंद गल्ल्या, कोरीव लांकडी दरवाजे, आणि 'धाव' म्हणून ओळखलीं जाणारीं तिकोनी शिडाचीं गलबतें. हें दृश्य कोंकणच्या माणसाला परकें वाटूं नये. ईशान्य मोसमी वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचीं गलबतें हिंवाळ्यांत त्या बाजूस उतरत व नैर्ऋत्य वाऱ्याबरोबर परत येत. तांदूळ, कापड, मसाले इकडून जात, हस्तिदंत आणि खारफुटीचें लांकूड तिकडून येई. त्या ईशान्य वाऱ्याला तेथील सोहिली भाषेंत कसकाझी म्हणतात.

या लामूच्या वाळूवर लाटा प्लॅस्टिक आणून टाकतात, आणि त्यांत एक वस्तु डोळ्यांत भरण्याइतकी अधिक असते, ती म्हणजे रबरी चपला. आपण ज्यांना हवाई चपला म्हणतों त्याच. गरिबाच्या पायाला परवडणारी, तुटली कीं टाकून द्यावयाची आणि पाण्यावर तरंगणारी ही वस्तु. कांहीं तेथल्याच गांवांतल्या, कांहीं प्रवाहाबरोबर दूरदूरच्या किनाऱ्यांवरून आलेल्या. २०१६ सालीं बेन मॉरिसन नांवाच्या गृहस्थानें असा घाट घातला कीं, या कचऱ्यांतून एक खरेंखुरें गलबत बांधावयाचें. प्रदर्शनांत ठेवण्याची प्रतिकृति नव्हे; समुद्र कापणारें गलबत. काम पिढीजात गलबत बांधणारे लामूचे कारागीर अली स्कांडा यांच्याकडे आलें.

येथें गंमत अशी आहे कीं, लांकडाला तासणीनें तासून ज्यांचे हात घडले त्यांच्यापुढें प्लॅस्टिक हें नवें द्रव्य आलें. लांकडाला रेषा असतात, तें कोणत्या बाजूनें फाटेल हें कारागिराच्या अंगुलींना कळतें. प्लॅस्टिकला रेषाच नाहीं. तें उन्हानें फुगतें, भारानें वांकतें. कचरा वितळवून त्याच्या कणा, फांसळ्या व फळ्या ओताव्या लागल्या, आणि त्या पुन्हां लांकडासारख्याच हातानें तासून जुळवाव्या लागल्या. सुमारें दहा टन प्लॅस्टिक खर्चीं पडलें. नऊएक मीटर लांबीचें गलबत उभें राहिलें, आणि त्याच्या अंगावर सुमारें तीस हजार टाकाऊ चपलांच्या तुकड्यांची रंगीत चटई चढली. त्याचें नांवहि चपलेवरूनच 'फ्लिपफ्लॉपी' ठेविलें. सप्टेंबर २०१८ मध्यें तें पाण्यांत लोटलें. जानेवारी २०१९ मध्यें तें लामूहून निघालें आणि वाटेंत बंदरोबंदरीं थांबत, लोकांना बोलावीत, मुलांना दाखवीत फेब्रुवारींत झांजिबारला पोंचलें. पांचशें किलोमीटरांची ही सफर. पुढें २०२१ सालीं त्यानें व्हिक्टोरिया सरोवरांतहि संचार केला.

मला या गलबतांत मिडवेच्या चित्रांत नसलेली एक गोष्ट दिसते. तेथें शोक आहे. शोकानें माणूस खाली बसतो. येथें उत्साह आहे, आणि उत्साह हा वीररसाचा स्थायी भाव. बंदरावर जमलेल्या कोळ्याला "समुद्र घाण करूं नकोस" असें कोणी सांगत नाहीं. जी चप्पल तूं फेंकलीस तिच्यावर बसून हे लोक तुझ्या दारीं आले आहेत, एवढेंच तो पाहतो. शिवाय तें त्याच्या ओळखीचें गलबत आहे. परदेशी कलाकाराचें अवजड शिल्प आणून ठेवलें असतें तर त्यानें तें कौतुकानें पाहिलें असतें. या गलबताचें शीड नीट बांधलें आहे कीं नाहीं हें तो तपासूं शकतो. ज्या कलेला लोक चूक काढूं शकतात ती कला त्यांची होते. केनियानें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ सालींच कडक बंदी घातली होती, म्हणजे भूमि नांगरलेली होती हेंहि खरें.

केनियाच्याच राजधानींत, नैरोबी येथें, २०२२ सालीं संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणसभा भरली, तेव्हां सभास्थानीं बेंजामिन व्हॉन वाँग या कलाकारानें एक भला मोठा नळ उंच टांगून त्यांतून प्लॅस्टिकचा लोट पडतांना दाखविला. फरशी पुसत बसण्यापेक्षां आधीं नळ बंद करा, हा त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाहि कळावा. प्लॅस्टिकच्या प्रदूषणावर सर्व राष्ट्रांना बांधील असा करार करावा, असें त्या सभेनें २ मार्च २०२२ रोजीं ठरविलेंहि. परंतु २०२४ च्या अखेरीस दक्षिण कोरियांत बुसान येथें आणि ऑगस्ट २०२५ मध्यें जिनीव्हा येथें वाटाघाटी झाल्या, त्या दोन्ही करारावांचून संपल्या. प्लॅस्टिकचें उत्पादनच कमी करावें काय, या एका मुद्द्यावर घोडें पेंड खातें; ज्यांच्या जमिनींत तेल आहे त्यांना तें रुचत नाहीं. चित्राच्या शक्तीला ही मर्यादा आहे. तें डोळे उघडूं शकतें. सही करणाऱ्याचा हात धरूं शकत नाहीं.

परदेशच्या या गोष्टी वाचून आपल्याकडे काय आहे असें कोणी विचारील. मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून नागरिकांनीं कचरा उपसण्याचें प्रचंड काम केलें, तें प्रसिद्धच आहे. परंतु कला आणि रचना यांचा प्रश्न असेल तर मी एका अगदीं साध्या वस्तूकडे बोट दाखवीन. आपण देवाला वाहिलेलीं फुलें पायदळीं येऊं नयेत म्हणून वाहत्या पाण्यांत सोडतों. पूर्वीं केळीच्या पानांतून सोडीत. अलीकडे शहरांतील भाविक गृहस्थ पुलावर स्कूटर उभी करतो, प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधलेलें निर्माल्य पिशवीसकट खालीं भिरकावतो, हात जोडतो आणि कचेरीला जातो. देवाचें निर्माल्य देवाला, आणि पिशवी समुद्राला! यावर कित्येक ठिकाणीं पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या बसविल्या. लोक जाळीवरूनहि नेम धरून फेंकतात; जाळीला पिशव्या लोंबकळतांना आपण पाहिल्या असतील.

याच लोकांसाठीं महाराष्ट्रांतील अनेक नगरपालिकांनीं नदीकांठीं व विसर्जनघाटांवर 'निर्माल्य कलश' ठेविले. वस्तुतः ती कचराकुंडीच. पण तिला कलशाचा आकार दिला, कलशाचें नांव दिलें; आणि ज्या बाईनें देवाचीं फुलें कुंडींत टाकण्यास जन्मांत हात उचलला नसता ती त्यांत तीं आदरानें सोडते. फुलांचें पुढें खत होतें. ही कल्पना प्रथम कोणाची हें मला ठाऊक नसलें तरी त्याला मनुष्यस्वभाव ठाऊक होता हें निश्चित. जाळी म्हणते, तूं अपराधी आहेस; कलश म्हणतो, तुझी श्रद्धा मला समजली. फक्त एक उणीव राहते. पुष्कळ लोक कलशांतहि निर्माल्य पिशवीसकटच टाकतात. कलशाच्या तोंडाशीं पिशवी मोकळी करून अडकविण्याला एक आंकडा असता, तर बरें झालें असतें.

आतां घरची गोष्ट. माझा नातू सहावींत आहे. गेल्या वर्षीं त्याच्या शाळेंत 'समुद्र वांचवा' या विषयावर प्रतिकृति करून आणण्यास सांगितलें. चिरंजीव बाजारांतून थर्माकोलचा एक मोठा तक्ता, शंभर रंगीत नळ्यांचें पुडकें आणि चमकीची डबी घेऊन आले व म्हणाले, "आजोबा, मी कासव करणार!" कासव सुरेख झालें, त्याला बक्षीसहि मिळालें, आणि आठवड्यानें तें शाळेच्या मागल्या दारीं कचऱ्याच्या ढिगावर पालथें पडलेलें आढळलें. शाळेचा हेतु चांगला होता यांत शंका नाहीं. पण कोऱ्या प्लॅस्टिकचें कासव करून कासवाचा कळवळा दाखविणें ही तऱ्हा मला सोसवेना.

सूनबाईंनीं यावर तोड काढली. त्या म्हणाल्या, "मामंजी, विकत कांहींच आणूं नये. घरांत येतें तेंच एका दोरीला टांगत जाऊं." त्याप्रमाणें पडवींत एक सुतळी बांधली. आमचें कुटुंब अकरा माणसांचें. दुधाच्या रोजच्या चार पिशव्या, म्हणजे आठवड्याच्या २८. त्यांचीं कापलेलीं कोंपरीं वेगळीं, कारण तीं इतकीं लहान असतात कीं भंगारवालाहि उचलीत नाहीं. शिवाय तेलाच्या पिशव्या, बिस्किटांचीं वेष्टनें, औषधाच्या गोळ्यांचीं पाकिटें (त्यांत माझा वांटा मोठा), शांपूच्या पुड्या, उदबत्तीचें आवरण. उदबत्तीचें आवरण पाहून आमच्या सौभाग्यवती कांहीं वेळ बोलल्याच नाहींत. पंधरा दिवसांत सुतळी पडवीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत भरली. येणारेजाणारे विचारतात, "हें काय तोरण बांधलें आहे?" नातू त्यांना एकेक पिशवी दाखवून हिशेब सांगतो, आणि मध्यें कोणी हंसलें तर त्याला खपत नाहीं.

दुधाची कोंपरीं आतां कोणी पूर्ण कापून वेगळीं करीत नाहीं; चीर देऊन पिशवीलाच राहूं देतात. किराणा निम्मा तरी डबे नेऊन सुटा आणतात. बिस्किटांच्या बाबतींत मुलांशीं तह झालेला नाहीं. गवळ्याकडून चरवीनें दूध घ्यावें असा सौभाग्यवतींचा आग्रह आहे. पण आमच्या आळींत येणारा शेवटचा गवळी आठ वर्षांपूर्वींच बंद झाला, आणि पलीकडच्या आळींतला म्हणतो, अकरा माणसांचें दूध रोज सकाळीं साडेपांचला घेऊन जाण्यास कोण येणार तें आधीं ठरवा.